ताकदवान गाडी घेतलीत? आधी उजवा पाय सांभाळा

अभिनंदन! दीडशे बीएचपीची टर्बो हाताशी आली की पाय शिवशिवणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सुरुवातीला एवढंच पाळा:

१. क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग गाडी स्वतःच राखते ती सोय) वापरा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या सपाट भागात कारला वेगमर्यादा १००, समृद्धीवर १२०. त्या आकड्यावर लावा आणि पाय बाजूला घ्या. पावसात मात्र क्रूझ बंद.

२. काट्याकडे बघत राहा. शांत केबिनमध्ये १३० सुद्धा ८० वाटतात. नवे लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. त्यात काही जण ८० च्या पुढे वाजणारा बीपही कटकट म्हणून बंद करून घेतात. तसं करू नका.

३. कोणी डिवचून पुढे गेला तर जाऊ द्या. मागच्या सीटवरचे मित्र ‘दाब ना’ म्हणाले तरीही.

हिशेबही बघा. अख्खा एक्सप्रेसवे साधारण ९४ किलोमीटरचा. १०० ऐवजी १२० ने गेलात तर जेमतेम नऊ-दहा मिनिटं वाचतात, तीही टोलच्या रांगेत जातात. उलट १०० चे १४० केलेत की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट!

ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवणं), टायर यांवर नंतर बोलू. रिमॅपचं (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) तर वर्षभर नावही काढू नका.