‘ब्री-यार्क’ म्हणजे शरणागती नव्हे

प्रश्न : माझा मुलगा आणि त्याचे कॉलेजचे मित्र दर शनिवारी आमच्याकडे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. नवी, रंगीत चित्रांची जाडजूड पुस्तकं घेतली, आणि आता ती बाजूला ठेवून ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ही चाळीसेक वर्षांपूर्वीची पातळ पुस्तिका घेऊन बसतात. रात्रीचे दोन वाजले तरी उठत नाहीत. एवढं काय आहे त्यात? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, या खेळात प्रत्येकजण एकेक पात्र होतो, एकजण खेळ चालवतो आणि काय घडतं ते बोलून आणि फासे टाकून ठरतं. ही पुस्तिका म्हणजे त्यातलं खेळायला तयार असं एक साहस. ती मी १९८४ साली अमेरिकेत मिलवॉकीत शिकत असताना खेळले. हा खेळ १९७४ साली ज्या लेक जिनिव्हा गावातून बाहेर पडला, ते तिथून जवळच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. ही पुस्तिका गायगॅक्स यांची.

सरहद्दीवर एक गढी आणि जवळच्या दरीत गुहा, एवढीच मांडणी. निघण्यापूर्वी गढीत अफवा कानावर येतात, कोणती ते फासा ठरवतो. माझ्या वाट्याला आली ती अशी : ‘ब्री-यार्क’ म्हणजे गॉब्लिन नावाच्या बुटक्या राक्षसांच्या भाषेत ‘आम्ही शरण आलो’. गॉब्लिनांच्या गुहेत शिरलो, तर पहारेकरी तेच ओरडले. मी सगळ्यांना तलवारी म्यान करायला लावल्या. ती आरोळी मदतीची होती! पलीकडे ऑगर नावाचा राक्षस राहतो. गॉब्लिन गुप्त दारातून त्याच्याकडे अडीचशे मोहरांची थैली फेकतात आणि तो पैसे घेऊन लढायला येतो. आमच्यातले दोघे तिथेच मेले. (हे मुलाला आधी सांगू नका. त्याचं त्याला कळू दे.)

पण पुढच्या खेपेला आम्हीच त्या ऑगरला जास्त पैसे देऊ केले. हे करा असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला या पुस्तिकेचं मोल वाटतं ते इथे. ती गोष्ट सांगत नाही, जागा दाखवते आणि तिथे कोण राहतं, कुणाचं कुणाशी वैर आहे ते सांगते. दरीतल्या टोळ्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असतात. कुणाशी हातमिळवणी करायची, कुणाला टाळायचं, ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं. नंतरच्या बऱ्याच पुस्तकांत कथानक आधीच रचलेलं असतं. मला त्यात कुणाच्या तरी मागून चालल्यासारखं वाटतं.

आणि पुष्कळसं मुद्दाम कोरं सोडलंय. गढीच्या किल्लेदाराला, खानावळवाल्याला नावंच नाहीत. ती डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने द्यायची. नकाशावर ‘अज्ञाताची गुहा’ आहे, आत काय ते लिहिलेलं नाही. माइक कार यांची ‘इन सर्च ऑफ द अननोन’ ही आधीची पुस्तिका तर आणखी पुढे जाते : खोल्यांचं वर्णन छापलेलं, पण राक्षस आणि खजिना यांच्यापुढे रिकाम्या ओळी, पेन्सिलीने भरायला. आमच्या मास्टरीणबाईंनी किल्लेदाराला त्यांच्या आजोबांचं नाव दिलं होतं. मला ते अजून आठवतं. म्हणून एकच पुस्तिका दोन घरांत सारखी खेळली जात नाही.

जाग्रणाचं कारण मात्र भीती. त्या काळच्या नियमांत पहिल्या पातळीच्या, म्हणजे नवख्या जादूगाराचा जीव, म्हणजे तो किती मार सोसेल तो आकडा, चार बाजूंच्या एका फाशावर ठरतो, मंत्र दिवसाला एकच, आणि जीव शून्यावर आला की पात्र मेलं. अशा वेळी दार उघडायचं की नाही यावर अर्धा तास खल होतो. आमच्याकडेही होत असे.

पुढच्या शनिवारी त्यांना विचारून तुम्हीच बसा. जादूगार नको, योद्धा घ्या. त्याचा फासा आठ बाजूंचा. आणि गढीतल्या दुकानातून दहा फुटी काठी विकत घ्या. कोबोल्ड नावाच्या छोट्या राक्षसांच्या गुहेत शिरताना पाऊल टाकण्याआधी जमीन त्या काठीने ठोकून बघा.