जळगावला दुकानात बसतो, वाचनाची सवय नाही. रोजच्या कामात आणि स्वतःत फरक पडेल अशी पुस्तकं कोणती?

दादा, सुरुवात वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’पासून करा. 1981 सालचं पुस्तक आहे, भाषा साधी, आठवडाभरात होतं.

अमेरिकेत गुलामीत जन्मलेला कार्व्हर शिकून 1896 मध्ये तिथल्याच टस्कीगी गावच्या संस्थेत शेतीशास्त्र शिकवायला जातो. तिथल्या जमिनी सालोसाल कापूस घेऊन निकस झालेल्या. तो शेतकऱ्यांना भुईमूग, चवळी, रताळी लावायला सांगतो, पुढे अवजारं-बियाणं गाडीत भरून थेट त्यांच्या दारात जातो. आपल्या खान्देशात कापूस कोणाला सांगायला नको! आमचं शेत चोपड्याकडे. पुस्तक वाचून झाल्यावर मी पहिल्यांदा माती परीक्षण करून आणलं. तो कागद अजून त्याच पुस्तकात खूण म्हणून आहे, आणि कपाशीत उडदाच्या ओळी आल्या त्या तेव्हापासून.

माणूस म्हणून वाढायचं तर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. एवढ्या हालअपेष्टा, पण कुठे कडवटपणा नाही. माझ्या मते यशाची सूत्रं सांगणाऱ्या दहा पुस्तकांपेक्षा हे एक जास्त देतं.

पैशाचे व्यवहार समजून घ्यायचे असतील तर अच्युत गोडबोल्यांचं ‘अर्थात’. जाडजूड आहे, सलग वाचू नका. महागाई, बँका असं हवं ते प्रकरण काढा.

गल्ल्याजवळ वही-पेन्सिल ठेवा. गिऱ्हाईक नसेल तेव्हा चार पानं वाचायची आणि उद्या दुकानात करून बघता येईल अशी एकच गोष्ट लिहायची. विकत घ्यायची घाई नको, आधी जवळच्या वाचनालयात विचारा.