रॅप बॅटल एकतर्फी होते तेव्हा हरणारा खरंच तितका कच्चा असतो, की पब्लिकच त्याला पाडते?

दोन्ही होतं. (रॅप बॅटल म्हणजे दोन रॅपरांनी एकमेकांना यमकात ठोकायची स्पर्धा.) पण अशा लढतीनंतर 'पब्लिकने निकाल फिरवला' असं म्हणतात, ते मला पटत नाही. पब्लिक निकाल फिरवत नाही, ती माणसाचा ठेका बिघडवते. मग तो स्वतःच हरतो.

२००८-०९ च्या सुमारास कॅनडातली किंग ऑफ द डॉट, ब्रिटनमधली डोन्ट फ्लॉप, अमेरिकेतली यूआरएल अशा बॅटल भरवणाऱ्या लीग उभ्या राहिल्या आणि बीट (मागचं ठेक्याचं संगीत) न लावता बॅटल करायची पद्धत रूढ झाली. दोघं समोरासमोर, बहुतेक वेळा तीन-तीन राउंड, ओळी घरून लिहून पाठ केलेल्या. बीट असला की पडलेली ओळ त्याखाली झाकली जाते. बीट नसेल तर मागे फक्त पब्लिकचा आवाज उरतो. त्यामुळे लिहितानाच पंचलाइननंतर, म्हणजे वर्मी लागणाऱ्या ओळीनंतर, जागा सोडलेली असते. तिथे हॉल उसळला की रॅपरला दोन श्वास मिळतात आणि पुढच्या चार ओळी डोक्यात जुळवायला वेळ मिळतो. हॉल उसळला नाही तर तीच जागा खड्ड्यासारखी दिसते. एकदा त्या खड्ड्यात पडलेला माणूस पुढच्या पंचनंतर थांबतच नाही, धावत सुटतो. मग ज्यांना ती ओळ आवडली असती त्यांनाही ओरडायला फट सापडत नाही. ते गप्प राहिले की हा आणखी धावतो. बॅटल एकतर्फी होते ती इथून.

मी एका छोट्या बॅटलला तीन परीक्षकांपैकी एक होतो. नाव झालेला एक आणि नवखा एक. दुसऱ्या राउंडला नवखा अडकला. आधी त्याने शेवटची ओळ पुन्हा म्हटली (पाठांतर गेलं की सगळे हेच करतात), मग वर बघितलं, मग बोटांनी मांडीवर ठेका धरला. मागे उभ्या असलेल्या त्याच्या मित्राने पुढच्या ओळीचा पहिला शब्द पुटपुटला, तो सगळ्या हॉलला ऐकू गेला, फक्त त्याला नाही. आणि मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. धीर द्यायला, चांगल्या मनाने. माझ्या मते एखाद्याला संपवायला शिट्ट्या आणि हुर्योपेक्षा या टाळ्या जास्त पुरतात. हुर्योला उत्तर देता येतं, चिडून दोन ओळी तिथल्या तिथे सुचतातही. दयेला काय उत्तर देणार? तिसरा राउंड त्याने जमिनीकडे बघत उरकला.

मी तिन्ही राउंड समोरच्याला दिले. बाकी दोघांनीही. महिन्याभराने व्हिडिओ आला तेव्हा मी ओळी कागदावर उतरवून काढल्या. पहिला राउंड नवख्याचा होता, आणि तोही थोडक्यात नव्हे. समोरच्याच्या पहिल्या राउंडमध्ये तर अर्ध्या ओळी कोणालाही लावता येतील अशा होत्या, तू भुरटा, मी राजा, या छापाच्या. पण नाव मोठं असल्यामुळे पंच येण्याआधीच लोक ओरडत होते. शिवाय स्टेजवर मागे उभी असलेली त्याची दहा-बारा पोरं. हॉलमधल्या लोकांना कुठे ओरडायचं हे तीच शिकवत होती. (हे दोन्ही बाजूंनी चालतं, त्यात लबाडी काही नाही. ज्याची पोरं कमी त्याचं नशीब.)

म्हणून पब्लिकला खलनायक ठरवायचं का? मला नाही वाटत. सगळ्यात गाजलेली एकतर्फी लढत १९८१ ची, न्यूयॉर्कच्या हार्लेम वर्ल्ड क्लबातली. रॅपर बिझी बी हा पब्लिक खेळवणारा गडी. तो हाक द्यायचा, लोक ओ द्यायचे, आणि स्पर्धा त्याच्या खिशात. त्या रात्री त्याच्यामागून कूल मो डी हा दुसरा रॅपर उभा राहिला आणि त्याने थेट त्याचं नाव घेऊन, त्याच्या 'बा-डिडी-बा' या बडबडीवर आणि दुसऱ्याकडून उचललेल्या नावावर लिहिलेल्यासारख्या घट्ट ओळी मारल्या. काही मिनिटांपूर्वी ज्यावर नाचले तेच लोकांना बालिश वाटायला लागलं. तिथे पब्लिकने नुसता विजेता निवडला नाही, आपली मोजपट्टीच बदलली. त्या कॅसेटच्या प्रती हातोहात फिरल्या. पब्लिकशिवाय, बंद खोलीत, कागदावर ते झालंच नसतं. आणि क्रमही बघा: ज्याचं गाऊन झालं त्याच्या हातात उत्तर उरत नाही. नाणेफेक जिंकलेला बहुतेकदा दुसरा जातो तो यासाठीच.

एकतर्फी बॅटलमध्ये आणखी एक होतं, ते फारसं कोणी बोलत नाही. तिसऱ्या राउंडपर्यंत पब्लिकचं पोट भरलेलं असतं. जिंकणाऱ्याच्या सगळ्यात चांगल्या ओळी तेव्हा येतात आणि त्यांना निम्मा आवाज मिळतो. शहाणा रॅपर अशा वेळी मारणं कमी करून हसवायला लागतो. कच्चा मारतच राहतो, मग लोक मोबाईल काढतात किंवा हळूच पडलेल्याच्या बाजूला सरकतात.

एखाद्या बॅटलचा निकाल तपासायचा असेल तर ती दोनदा बघा. एकदा आवाजासकट, म्हणजे हॉलमध्ये काय झालं ते कळेल. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त हरणाऱ्याकडे: तो पंचनंतर थांबायचं कधी सोडतो, तो क्षण पकडा. त्याच्या आधीचं आणि नंतरचं वेगळं मोजा. यूआरएलमध्ये बहुतेक लढतींना परीक्षक नसतातच, त्यामुळे हॉलमधला निकाल एक आणि व्हिडिओवरचा दुसरा, हे भांडण तिथे वर्षानुवर्षं चालतं आणि दोन्ही बाजू खऱ्या असतात.

त्या रात्री तो नवखा पोरगा नंतर माझ्याकडे आला होता. हरलो का, असं त्याने विचारलंच नाही. "दादा, पहिल्या राउंडची शेवटची ओळ ऐकू आली का?" मी हो म्हणालो. आली नव्हती. तेवढ्यात समोरच्याची पोरं काहीतरी ओरडली होती.