भिंतीतले हात कोणाचे?

प्रश्न : ताई, सुट्टीत आलेल्या नातीला फ्रेंच दिग्दर्शक जाँ कॉक्तोचा १९४६ सालचा ‘ला बेल ए ला बेत’ दाखवला, सुंदरी आणि श्वापदाच्या गोष्टीवरचा. रंग नाहीत म्हणून कंटाळेल असं वाटलं होतं, पण पोरगी जागची हलली नाही. संपल्यावर म्हणाली, “आजोबा, भिंतीतले ते हात कोणाचे?” मला काही सांगता येईना. या चित्रपटाला जाणकार पडद्यावरची कविता म्हणतात. ती कविता नेमकी असते कुठे?
– एक आजोबा, अमळनेर

उत्तर : आजोबा, नातीला खरं सांगून टाका. हात माणसांचेच आहेत. भिंतीमागे माणसं उभी केली आणि त्यांचे नुसते हात बाहेर काढून त्यात मेणबत्त्यांची झाडं दिली. सुंदरीचे वडील पुढे जातात तशा मेणबत्त्या आपोआप पेटत जातात ना? तो प्रसंग उलटा घेतलाय. पेटलेल्या मेणबत्त्या विझवत नेल्या आणि फिल्म उलटी फिरवली. सुंदरी वरच्या दालनातून तरंगत जाते, तेव्हा तिला चाकांच्या फळीवर उभं करून ओढलंय. हे कळल्यानं जादू कमी होईल अशी भीती बाळगू नका.

आमच्याकडे शिरपूरला श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसायची. माय नारळ घ्यायची, त्याला डोळे लावायची, नथ घालायची. मी शेजारी बसून सगळं बघायची. नारळ कोणत्या दुकानातला तेही मला ठाऊक असायचं. पण रात्री समईच्या उजेडात तेच डोळे माझ्याकडे वळायचे, आणि मी मायच्या पदरात तोंड लपवून म्हणायची, “कानबाई दखी ऱ्हायनी.” आता चित्रपटातल्या श्वापदाच्या वाड्यातल्या शेकोटीच्या दोन्ही बाजूंचे दगडी चेहरे आठवा. डोळे फिरवतात, नाकातून धूर सोडतात. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला थेट आमच्या ओट्यावरची ती रात्र आठवली.

आता कवितेचं. मी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. ‘स्वप्नातलं दृश्य काढा’ म्हटलं की पोरं लगेच सगळं धूसर करून टाकायची. कॉक्तोनं याच्या उलट केलं. छायाचित्रकार आँरी अलकाँकडे त्यानं हट्ट धरला की चित्र स्पष्ट हवं, कडा धारदार हव्यात, मुद्दाम काव्यमय केलेला मऊपणा नको. सुंदरीच्या माहेरी डच चित्रकार व्हर्मीरच्या चित्रांसारखा खिडकीतला शांत उजेड आहे, आणि वाड्यात फ्रेंच चित्रकार गुस्ताव दोरेच्या कोरीव चित्रांचा गडद काळोख. दोन्हीकडे वस्तू मात्र हाताला लागतील इतक्या खऱ्या. कविता मला तिथे दिसते. अशक्य गोष्ट इतकी स्वच्छ दाखवलीय की शंका घ्यायला जागाच उरत नाही.

आणि हे सगळं केलं कधी, तर महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना. वीज जायची, कच्ची फिल्म मिळायची नाही, कॉक्तो स्वतः त्वचेच्या आजारानं बेजार. भारनियमनात दिवस काढलेल्या आपल्या लोकांना ते वेगळं सांगायला नको. श्वापद झालेला नट जाँ मारे, त्याच्या चेहऱ्यावर आणि हातांवर केस चढवायला रोज पाचेक तास लागत. त्या केसांतून दिसतात ते त्याचे डोळेच, आणि सगळं दुःख त्या डोळ्यांत आहे. शिकार करून आल्यावर त्याच्या पंजांतून धूर निघतो आणि तो लाजेनं सुंदरीसमोर उभा राहतो, तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेल! शेवटचा राजपुत्रही मारेच आहे. पण तो गुळगुळीत चेहरा मला अजून परका वाटतो. नातीलाही विचारून बघा, तिला श्वापदच आवडलं असेल.

पुन्हा लावाल तेव्हा रात्री लावा, घरातले दिवे घालवून. जेवणाच्या टेबलाचा प्रसंग आला की तिला म्हणा, मेणबत्त्या धरलेल्या हाताकडे बघ. तो हात मेणबत्त्यांचं झाड सोडतो, सुरई उचलतो आणि पाहुण्याला, म्हणजे सुंदरीच्या वडिलांना, पेला भरून देतो. म्हातारा दचकतो, टेबलाखाली कोणी आहे का ते वाकून बघतो. तिथे कोणीच नसतं.