रश्श्याच्या हॉटेलात मार्बल बसवू का?

प्रश्न: कोल्हापुरात राजारामपुरीत तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं छोटं हॉटेल काढतोय. टेबलांना पांढरा मार्बल आणि खाली चकचकीत टाईल बसवूया असं मिस्त्री म्हणतोय, चालंल का?

उत्तर: दादा, मार्बल अजिबात नको. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर लिंबाचा रस सांडला की पॉलिश जातं आणि हळद-तेल आत मुरलं की तो पिवळा डाग काही केल्या निघत नाही, कडप्पा-कोटा पण चुनखडीचेच दगड, त्यांनाही आंबट सोसत नाही. ग्रॅनाईट घ्या, दिसतो पण भारी. फरशीचं मात्र नीट ऐका, ग्लॉसी टाईलवर तेलाचा कट सांडला आणि वाढणारा पोरगा हातात गरम रस्सा घेऊन घसरला तर काय, मला खरंच त्याची काळजी वाटते. बसायच्या जागेत मॅट व्हिट्रिफाईड टाईल (चकाकी नसलेली, घट्ट भाजलेली) घाला, ती पाणी ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त पीत नाही, आणि किचनमध्ये आर११ ग्रेडची (ही पाय न घसरण्याची ग्रेड) अँटीस्किड टाईल, दुकानदाराला ग्रेड विचारूनच घ्या. सांध्यात सिमेंट ग्राऊट नको, इपॉक्सी भरा, महाग पडतं पण तेल शोषत नाही. सिंक ३०४ ग्रेडच्या स्टीलचं बघा, २०२ ग्रेडचं स्वस्त मिळतं पण मीठ-पाण्यानं लवकर गंजतं.