वाचक विचारतात: उंबऱ्यावरचे ते तीन फुटी पाय कुणाचे?

प्रश्न: व्हॉट्सॲपवर एक फोटो आलाय, कुठल्यातरी जुन्या देवळाच्या उंबऱ्यावर तीन फूट लांब पाय कोरलेत आणि खाली लिहिलंय 'राक्षसाचे पाय'. खरं आहे का हे? आणि आपल्या पादुकांसारखंच ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर: फोटो खरा, राक्षस खोटा! हे 'ऐन दारा' नावाच्या ठिकाणचं देऊळ, सीरियात अलेप्पोच्या वायव्येला, अफ्रीनजवळ. १९५५ मध्ये तिथे बेसाल्टचा एक भलामोठा सिंह योगायोगाने सापडला, मग पुढे १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अली अबू अस्साफ यांनी अख्खं देऊळ खणून काढलं. त्यांच्या मते बांधकाम इ.स.पू. १३०० ते ७४० मध्ये टप्प्याटप्प्याने झालं, म्हणजे हिटाइट साम्राज्य (आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन राज्य, त्याची सत्ता इथवर होती) इ.स.पू. १२०० च्या सुमारास बुडालं तरी देवळात भर पडतच राहिली.

आता पाय. बाहेरच्या उंबऱ्यावर दोन्ही पावलं शेजारी शेजारी, त्याच्या आत एकटं डावं, आणि मग थेट मुख्य दालनाच्या उंबऱ्यावर उजवं, मधलं अंतर साधारण ३० फूट! म्हणजे देव दारात क्षणभर उभा राहिला आणि दोन ढांगांत आत गेला. आपल्या पादुका जागच्या जागी असतात, इथे देव चालताना दिसतो, मला तरी हा फरक फार आवडतो. देव की देवी यावर वाद आहे, बरेच जण इश्तार या प्रेम आणि युद्धाच्या प्राचीन देवीचं नाव घेतात.

बाकी रचना ओळखीची वाटेल. पुढे दोन खांबांची ओसरी, मग छोटं दालन, मग जवळपास चौकोनी मोठं दालन आणि त्याच्या टोकाला उंच चौथरा. बायबलमधल्या सॉलोमनच्या मंदिराचं वर्णन याच्याशी इतकं जुळतं की अभ्यासक कायम ही तुलना करतात. नंतर तीन बाजूंनी फिरायला बोळ जोडला, प्रदक्षिणेचा मार्गच म्हणा ना. भिंतींवर काळ्या बेसाल्टचे सिंह आणि स्फिंक्स (सिंहाचं धड, माणसाचं डोकं) ओळीने (दगड तोच, आपल्या सह्याद्रीचा), चौथऱ्यावर पर्वतदेव, आणि वेणीसारखी नक्षी कोरलेल्या खोट्या खिडक्या ज्यातून काहीच दिसत नाही, नुसती शोभा.

जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानच्या हवाई हल्ल्यात यातलं बरंच फुटलं. तुमच्या फोटोत सिंहांच्या रांगा धड दिसत असतील तर तो त्याआधीचा समजा.