आरएनए तयार झाल्यावर पेशी त्यात पुन्हा रासायनिक बदल का करतात?

कारण डीएनएवरून आरएनए ही नक्कल उतरली की काम संपत नाही. त्या चार अक्षरांच्या साखळीवर एन्झाइम ठरावीक जागी खुणा करतात. असे १५० हून अधिक बदल आजवर सापडले आहेत.

मला सगळ्यात सुंदर वाटतो तो स्यूडोयुरिडिन. यात बाहेरून काहीच जोडलं जात नाही. एन्झाइम युरॅसिल या अक्षराला साखळीच्या कण्यातल्या साखरेपासून सोडवतं, फिरवतं आणि परत जोडतं. आधी नायट्रोजनशी असलेला बंध आता कार्बनशी होतो. दादरच्या क्लासमध्ये मी गळ्यातलं ओळखपत्र क्लिपमधून काढते, फिरवते आणि दुसऱ्या कोपऱ्याला अडकवते. कार्ड तेच, लटकतं वेगळं. इथेही अणू तेवढेच, पण एका जास्तीच्या हायड्रोजन बंधाची सोय होते आणि साखळीला ताठपणा येतो.

प्रथिनाची कृती वाहून नेणाऱ्या मेसेंजर आरएनएवर मात्र अ‍ॅडेनिन या अक्षराला चिकटवलेला मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जास्त दिसतो. एक एन्झाइम तो बसवतं, दुसरं काढू शकतं आणि काही प्रथिनं ही खूण वाचून तो रेणू लवकर मोडीत काढतात.

याचा उपयोग? बदललेला आरएनए बाहेरून दिला तर प्रतिकारयंत्रणा तितकी खवळत नाही, हे कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं; २०२३ चं नोबेल त्यासाठीच. फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लशी याच तत्त्वावरच्या. बीकेसीत रांग लावून घेतलेली कोविशील्ड वेगळी, ती अ‍ॅडिनोविषाणूवर बेतलेली होती. मुलं इथे हमखास गल्लत करतात.